सिप्रियानो मास्तरांच्या वर्गातल्या दोन मुली

सिप्रियानो मास्तर चिडले की ओरडत नसत. त्यांचा आवाज उलट खाली उतरायचा, आणि हातुमेरा गावच्या शाळेतली पोरं त्या खालच्या आवाजालाच जास्त भ्यायची. सत्तावीस वर्षं ते त्याच शाळेत होते. आताच्या पोरांच्या बापांनाही त्यांनीच पाटीवर हात धरून गिरवायला शिकवलं होतं. गणितात चुकलं तर मास्तर एकवेळ सोडून देत, पण अक्षर वाकडं आलं की खपवून घेत नसत. ज्याचं अक्षर धड नाही त्याचं डोकं धड नाही, असं ते म्हणत, आणि तिमोरच्या त्या डोंगरात मास्तरांचा शब्द पाद्रीबाबांच्या खालोखाल चालायचा.

नतेर्सिया त्यांच्या पाचवीच्या वर्गात होती. अकरा वर्षांची, अबोल, आणि अक्षर असं की मास्तर तिची वही वर्गात फिरवायचे. त्या वर्षी मार्च महिन्यात तिची वही बिघडली. आधी ओळी वर-खाली झाल्या, मग अक्षरं एकमेकांवर चढली, आणि एक दिवस पानभर नुसत्या रेघोट्या आल्या. मास्तरांनी तिला फळ्यापाशी बोलावलं. ती आली ती खांदे उडवत, तोंड वेंगाडत. हातातला खडू दोनदा पडला.

"नीट उभी राहा," मास्तर म्हणाले.

ती राहीना. उजवा हात आपोआप वर जाई, बोटं वळवळत, मान एका बाजूला झटका खाई. वर्गात खसखस पिकली. मास्तरांना वाटलं, पोर वेडावून दाखवतेय. त्यांचा आवाज खाली उतरला.

"हात आहेत की वाऱ्यावरची केळीची पानं?"

वर्गात हशा फुटला. मास्तरांनी तिला बाहेर ओट्यावर दोन्ही हात वर करून उभं केलं. ती तासभर उभी होती. हात वर राहत नव्हते, रडणं थांबत नव्हतं, आणि खिडकीतून पोरं बघत होती. त्या दिवसापासून तिचं नाव 'केळीचं पान' पडलं. आठ दिवस ती आली, मग यायची थांबली.

मास्तरांची बायको आदेलिया गावच्या दवाखान्यात नर्स होती. डॉक्टर महिन्यातून एकदा येई, बाकी सगळा कारभार तिच्याच हातात. संध्याकाळी मका आणि घेवड्याचं कालवण वाढताना तिनं विषय काढला.

"जुस्तिनाची नतेर्सिया शाळेत येत नाही म्हणे."

"आळस. दुसरं काय."

"जानेवारीत आली होती माझ्याकडे. घसा सुजलेला, ताप. गोळ्या संपलेल्या होत्या. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगून पाठवली मी."

"मग बरी झाली ना?"

"घसा बरा झाला," आदेलिया म्हणाली. "नंतर गुडघा सुजला, तो उतरला तर कोपर सुजलं, असं तिची आई चर्चमध्ये सांगत होती. मला ते काही बरं वाटलं नाही."

मास्तरांनी ताट पुढं सरकवून आणखी घेवडा मागितला. ते बोलणं तिथंच राहिलं.

गावानं आपला निकाल लावून टाकला होता. नतेर्सियाच्या घराण्याचं पवित्र घर, जिथं पूर्वज राहतात असं मानतात, लढाईच्या वर्षांत जळालं होतं आणि पुन्हा उभारलं गेलं नव्हतं. तिची एक आत्या बाळंतपणानंतर आठव्या दिवशी धाप लागून गेली, एक चुलता पंचविशीत गेला. वैदूनं कोंबड्याचं काळीज उघडून पाहिलं आणि सांगितलं, पूर्वज उघड्यावर पडलेत, ते पोरीच्या अंगात येऊन नाचतायत. हे सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. शिवाय त्यात इतर कुणाच्या घराला धोका नव्हता.

जूनमध्ये, कॉफीची तोडणी ऐन भरात असताना, राजधानीतून एक पांढरी गाडी आली. डॉक्टर इलिडिया नावाची पस्तिशीतली बाई, सोबत एक सहायिका, आणि दप्तराएवढं यंत्र. शाळेतल्या सगळ्या मुलांची हृदयं तपासायची होती. पोरं भिंतीला चिकटून उभी. काहींनी ऐकलं होतं की यंत्र छातीतून आत्मा ओढून घेतं. गावप्रमुख आबिलियोची मुलगी झुल्मिरा तेवढी पुढं होती. बारा वर्षांची, काटक, मास्तरांच्या खालच्या आवाजाची नक्कल करण्यात पटाईत. पंचक्रोशीच्या शर्यतीत तिनं दोन वर्षं मुलांनाही मागं टाकलं होतं.

"आधी मास्तरांना झोपवा," ती म्हणाली. "त्यांना काही झालं तर आम्ही घरी जातो."

पोरं हसली. मास्तरही हसले, सदरा काढून बाकावर आडवे झाले. थंडगार चिकट औषध छातीवर आलं. डॉक्टरीणबाईंनी यंत्राची कांडी फासळ्यांत दाबली आणि पडद्यावर काळ्या-करड्या ढगात काहीतरी उघडमीट करू लागलं. पोरं जवळ सरकली. मग बाईंचा हात थांबला. त्यांनी एक बटण दाबलं, उघडमिटीत लाल-निळे रंग आले, आणि मिटण्याच्या क्षणी एक बारीक निळा धागा उलटा मागं आला.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं. ते खाली पडूनच पडदा बघत होते.

"झडप मिटली की रक्त मागं येऊ नये. तुमचं थेंबभर येतं. गळते जराशी."

मास्तर उठून बसू लागले. बाईंनी त्यांच्याकडे पाहून मान हलवली.

"घाबरू नका. धडधाकट माणसं रांगेनं झोपवली तर निम्म्याहून जास्त जणांची कुठली ना कुठली झडप एवढी गळताना दिसते. दार लावलं तरी फटीतून वारा येतो, म्हणून दार मोडलं असं होत नाही. वय वाढलं की झडपा झिजतात, त्यानंही होतं. यासाठी तुम्हाला काही करायचं नाही."

"मग मुलांचं कशाला बघता?"

"मुलांचं वेगळं असतं," बाई एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांत एकशे चाळीस मुलं झाली. चौघांच्या नावापुढं बाईंनी खूण केली. तिघांचं दुखणं बारीक, अगदी सुरुवातीचं. चौथं नाव झुल्मिराचं होतं, आणि तिच्या पडद्यावरचा निळा रंग धाग्याएवढा नव्हता, चांगला बोटाएवढा होता. तिला काही दुखत नव्हतं, दम लागत नव्हता. बाकावरून उठली ती मैदानात पळाली.

"एकशे चाळीसमध्ये चार," मास्तर म्हणाले. "आमच्याच गावात काही पाप आहे का?"

"सगळ्या डोंगरात हेच आहे. शंभरात तीन, चार. श्रीमंत देशांत झडप गळणं हे बहुतेक म्हाताऱ्यांचं दुखणं. आपल्याकडे पोरांचं. कुणाची जन्मतःच वाईट असते, पण आपल्याकडच्या मुलांत सुरुवात बहुतेक घशापासून होते."

"घशापासून?"

"एका खोलीत आठ-दहा जणं झोपतात. एकाचा घसा सुजला की सगळ्यांचा सुजतो. त्या घशाच्या जंतूला हाकलायला शरीर आपले कुत्रे सोडतं. चोर पळून जातो, पण एखाद्या घरचे कुत्रे चवताळलेले असतात, ते मग आपल्याच कोंबड्यांवर तुटून पडतात. आधी सांध्यांवर. गुडघा सुजतो, उतरतो. सांधे सावरतात. झडपेवर मात्र वण राहतात. पुन्हा घसा सुजला, पुन्हा कुत्रे सुटले, की आणखी वण. मग ती आखडते आणि मिटेनाशी होते." बाईंनी यंत्राची दोरी गुंडाळत विचारलं, "शाळेच्या पटावर असून आलं नाही असं कुणी आहे का?"

आदेलिया दारात उभी होती, तिनं मास्तरांकडे बघितलं.

"एक मुलगी आहे," ते म्हणाले. "तिचं दुखणं निराळं आहे. हात उडायचे तिचे."

बाईंनी दोरी खाली ठेवली. "आपोआप? चेहराही वेडावाकडा व्हायचा?"

"हो."

"अक्षर बिघडलं होतं?"

"हो."

"उगाच रडू यायचं? आणि झोपेत हात शांत असायचे?"

"झोपेतलं मला माहीत नाही," मास्तर म्हणाले. रडण्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

"ते तेच दुखणं आहे मास्तर. कुत्रे कधी कधी डोक्यातही शिरतात. हात दोन-चार महिन्यांत थांबतात. घरचे म्हणतात बरी झाली. मी उद्या दुपारी निघणार आहे. तिला आणता येईल?"

जुस्तिनाचं घर वरच्या कड्याला होतं, दोन तासांची चढण. मास्तर पहाटेच घोडं घेऊन निघाले. धुकं इतकं दाट की घोड्याचे कान दिसत नव्हते. वाटेत जळक्या पवित्र घराचे चार खांब होते, काळे, अजून उभे. मास्तर शिकलेले माणूस, तरी त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि नजर खाली घालून पुढं गेले.

दार उघडंच होतं. नतेर्सिया खांबाला पाठ टेकून बसली होती, मांडीवर उशी, उशीवर हात. हात अगदी स्थिर होते. मास्तरांना क्षणभर हायसं वाटलं. मग त्यांना तिचा श्वास ऐकू आला. शर्यतीनंतर पोरं घेतात तसा, आणि ती तर बसून होती. पाय घोट्यापाशी फुगलेले.

"आडवी झाली की गुदमरते," जुस्तिना म्हणाली. तिच्या तोंडात विड्याचा तोबरा होता, तो तिनं बाहेर जाऊन थुंकला आणि परत आली. "महिना झाला अशीच बसून झोपते. हात बरे झाले मास्तर. पूर्वजांनी हात सोडले, आता छातीवर बसलेत."

"तिला खाली न्यायचंय. डॉक्टर आलीय."

"शाळेत?" जुस्तिना त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुमच्या त्याच शाळेत?"

मास्तरांनी मान खाली घातली. "त्याच."

नतेर्सियाला घोड्यावर बसवून ते उतरू लागले. एका हातानं लगाम, दुसऱ्यानं तिची पाठ. अर्ध्या वाटेवर त्यांनी तोंड उघडलं.

"त्या दिवशी तुझे हात..."

"मी थांबवायला बघत होते मास्तर."

"ठाऊक आहे मला."

"तेव्हा नव्हतं ठाऊक," ती म्हणाली. रागानं नाही, चूक दुरुस्त करावी तसं. मग दम लागला म्हणून गप्प बसली.

तिच्या पडद्यावर निळा रंग मावत नव्हता. झडप उघडायची, पण मिटताना दोन पदर एकमेकांपर्यंत पोचतच नव्हते. डॉक्टर इलिडियांनी दुपारची वाट न बघता गाडी काढायला सांगितली आणि मायलेकींना सोबत घेऊन गेल्या. अंगातलं पाणी उतरवायच्या गोळ्या, हृदयाच्या गोळ्या, आणि पाच आठवडे इस्पितळ. परत आली तेव्हा पाय उतरले होते, आडवी होऊन झोपत होती. झडप मात्र तशीच होती. ती शिवायला शस्त्रक्रिया लागणार होती. परदेशातून सर्जनांचा गट येई तेव्हा यादीतली थोडी नावं पुढं सरकत.

तोवर एकच काम होतं. दर अठ्ठावीस दिवसांनी मांडीत एक इंजेक्शन. दुधासारखं दाट औषध, इतकं दुखणारं की दोन दिवस पोर लंगडे. त्यानं झडप बरी होत नाही. घशाचा जंतू पुन्हा शिरू नये आणि कुत्रे पुन्हा सुटू नयेत, एवढ्यासाठीच ते. एक चुकलं तरी दार उघडं राहतं, असं बाई बजावून गेल्या. मास्तरांनी ते मनावर घेतलं. दर चौथ्या मंगळवारी घोडं घेऊन कड्यावर जायचं, नतेर्सियाला खाली आणायचं, परत सोडायचं. बाकीच्या तिघांचे आईबाप पोरांना आपणहून आणत. झुल्मिराला कुणी आणलं नाही.

मास्तर आबिलियोकडे गेले. आबिलियो अंगणात झुंजीच्या कोंबड्याच्या पायांना मालीश करत बसला होता. मास्तरांपेक्षा सहा वर्षांनी मोठा, आवाज मोठा, मनही तसं मोठं. गेल्या वादळात शाळेचं छप्पर त्यानंच पुन्हा चढवून दिलं होतं.

"दादा, झुल्मिराच्या इंजेक्शनचं बोलायला आलो."

"ती बघा झुल्मिरा," आबिलियोनं हनुवटीनं दाखवलं. उतारावरून पोर पाण्याचा डबा डोक्यावर घेऊन पळत येत होती. "हिला रोगी म्हणता?"

"आतून असतं ते. वरून कळत नाही."

"तुमचीही गळते म्हणे. गावभर झालंय. तुम्ही घेता का सुया?"

"माझी गळती वेगळी आहे."

"वा मास्तर. तुमची गळती वेगळी, माझ्या पोरीची वेगळी. तुमची फुकट गळते, तिची सुईनं गळते, असंच ना?" तो हसला, कोंबडा हातातच ठेवून. मग हसू उतरलं. "हे बघा. ज्यांचं पवित्र घर जळलं त्यांचं ते दुखणं. आमचं घर उभं आहे, सगळे विधी केलेत. उद्या गावात झालं की प्रमुखाच्या पोरीचं काळीज फुटकं आहे, तर मागणी कोण घालेल तिला?"

दुसऱ्या वेळी मास्तर आदेलियाला घेऊन गेले. आदेलियानं आबिलियोच्या बायकोला बाजूला घेऊन बरंच सांगितलं, आणि झुल्मिराला एक इंजेक्शन मिळालं. एकच. दोन दिवस पोर लंगडली, आणि त्याच आठवड्यात पंचक्रोशीची शर्यत होती. आबिलियो शाळेच्या फाटकात येऊन उभा राहिला.

"चालती पोर लंगडी केलीत. रोग आमच्या घरात नव्हता, तुम्ही पिशवीतून आणलात. पुन्हा माझ्या उंबऱ्यावर यायचं नाही."

मास्तर पुन्हा गेले नाहीत. अपमान झाला होता हे एक. पण खरं कारण दुसरं होतं, आणि ते त्यांना पुष्कळ नंतर कळलं. झुल्मिराला बघून त्यांचं काळीज हलत नव्हतं. तिला त्यांनी ओट्यावर उभं केलं नव्हतं. नतेर्सियाचा श्वास त्यांच्या कानात बसला होता, आणि त्या आवाजापुढं दुसरं काही ऐकू येत नव्हतं. शिवाय झुल्मिरा पुढच्या वर्षीही शर्यत जिंकली. बक्षीस घेऊन ती मास्तरांपुढं उभी राहिली आणि त्यांच्याच खालच्या आवाजात म्हणाली, "मास्तर, माझ्या झडपेला शिक्षा करा. फार पळते." मास्तर हसले. त्यांच्या मनात आलं, डॉक्टरांचीही कधी चूक होत असेल.

त्या पावसाळ्यात, म्हणजे तिमोरात नोव्हेंबर ते एप्रिल, तिचा घसा सुजला होता. घरात सगळ्यांचाच सुजला होता. नंतर गुडघा सुजला तेव्हा ती म्हणाली, पडले. पळणाऱ्या पोरीचा गुडघा सुजला तर कोण काय म्हणणार? तो उतरला. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा ताप आला, या वेळी मनगट. आदेलियानं तिला रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर पाहिलं. पोर मधल्या पायरीवर थांबली होती, कठड्याला धरून, जणू कुणाची वाट बघतेय.

"झुल्मिरा पायरीवर थांबली आज," आदेलिया घरी येऊन म्हणाली.

"थांबेना का."

"ती कधी थांबत नाही. तुम्ही आबिलियोदादांना भेटा. माझं ते ऐकायचे नाहीत."

"भेटतो," मास्तर म्हणाले. दुसऱ्याच दिवशी राजधानीहून निरोप आला की सर्जन आलेत, नतेर्सियाचं नाव लागलंय, ताबडतोब आणा. जुस्तिना एकटीनं जायला घाबरत होती. मास्तर सोबत गेले ते सहा आठवडे तिकडेच राहिले.

शस्त्रक्रियेच्या दिवशी ते इस्पितळाच्या आवारात आंब्याखाली बसून होते. सकाळची दुपार झाली. जुस्तिना विडा लावायची आणि न खाता परत पुडीत ठेवायची. शेवटी डॉक्टर इलिडिया बाहेर आल्या आणि म्हणाल्या, झडप बदलावी लागली नाही, तिचीच सांधून दिलीय. थोडी गळेल, पण जगेल. इंजेक्शनं मात्र चालूच, चाळिशीपर्यंत म्हटलंत तरी चालेल. जुस्तिनानं मास्तरांचा हात हातात घेऊन कपाळाला लावला. मास्तरांना तो काढून घ्यावासा वाटत होता.

जानेवारीच्या शेवटी ते नतेर्सियाला घेऊन परतले. गावाखाली रस्ता संपतो तिथं टपरीवाल्यानं विचारलं, "प्रमुखाच्या पोरीचं कळलं का?"

झुल्मिरा बसून झोपत होती. आबिलियोच्या घरी तीन वैदू होऊन गेले होते, एक रेडा कापला होता. आदेलियानं गोळ्या नेऊन दिल्या होत्या, आणि आबिलियोनं त्या नाकारल्या नव्हत्या. पण आदेलियाजवळच्या गोळ्यांचं हे काम राहिलं नव्हतं. रुग्णवाहिकेला निरोप गेला, आणि त्याच सकाळी पाच दिवसांच्या पावसानं फुगलेली दरड कोसळून खालचा रस्ता गेला. गाडी नदीच्या पलीकडेच थांबणार होती.

आठ जणांनी बांबूला खुर्ची बांधून तिला उचललं. मास्तर उजवीकडच्या मागच्या खांद्याला होते. आबिलियो पुढं, कोयत्यानं झुडपं तोडत, वाट करत. मास्तरांच्या कानाच्या वर, हातभर अंतरावर, तो श्वास होता. ओळखीचा. फक्त या वेळी त्याच्या आत काहीतरी शिजत असल्यासारखं खदखदत होतं. आदेलिया बाजूनं चालत होती, पोरीच्या ओठांवरचा फेस पुसत. तिसऱ्यांदा पुसला तेव्हा फडक्यावर गुलाबी डाग होता. तिनं फडकं मुठीत दाबलं आणि नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

एका चढणीवर झुल्मिरा म्हणाली, "मास्तर, खाली ठेवा मला. मी चालते. तुम्ही दमलात."

"बस गं गप," मास्तर म्हणाले.

नदी दिसली, पलीकडच्या काठावर गाडीचा पांढरा रंगही दिसला. पाणी छातीपर्यंत होतं. दोरी बांधायला दोघं पुढं गेले, बाकीच्यांनी खुर्ची एका सपाट दगडावर टेकवली. आबिलियो पोरीपुढं गुडघ्यांवर बसला आणि तिची पावलं दोन्ही हातांत धरून चोळू लागला, थंड लागत होती म्हणून. दोरी पलीकडे पोचली, तिकडच्या माणसानं ती झाडाला बांधली आणि हात हलवला. तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं की आपल्याला नदीचा आवाज ऐकू येतोय. इतका वेळ येत नव्हता. श्वासाचा आवाज थांबला होता.

आबिलियो आणखी बराच वेळ पावलं चोळत राहिला. त्याला कुणी सांगितलं नाही.

दफनाच्या सातव्या दिवशी फुलं वाहून लोक पांगले, तेव्हा आबिलियो मास्तरांच्या शेजारी येऊन बसला. आवाज बसला होता त्याचा.

"तुम्ही दोनदा आलात," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा का नाही आलात?"

मास्तरांकडे उत्तर होतं. तुम्हीच उंबरा बंद केलात, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. आबिलियोनं पुन्हा विचारलं नाही.

नतेर्सिया पुढच्या वर्षी शाळेत परत आली, तीन-चार वर्षांनी लहान पोरांच्या वर्गात. छातीवरचा उभा वण झाकायला गळाबंद सदरा घालते. तिचं अक्षर पहिल्यासारखं आलं नाही. मास्तर त्यावर काही बोलत नाहीत. चौथ्या मंगळवारी ती आता स्वतःच चालत उतरते.

जूनमध्ये पांढरी गाडी पुन्हा आली. एकशे एकतीस मुलं तपासली, नव्या पाच नावांपुढं खुणा झाल्या. त्यातली तीन घरं तयार झाली, एक आढेवेढे घेऊन तयार झालं. पाचवं घर खालच्या वाडीत, कॉफीच्या मळ्याच्या टोकाला. पोरगी सात वर्षांची आहे, हसरी, झाडावर चढणारी. तिच्या बापाचं म्हणणं, तिला काही होत नाही.

मास्तर तिथं सहा वेळा जाऊन आलेत. आता त्यांना वाटेवर बघितलं की बाप मक्यात शिरतो. मास्तर पायरीवर बसतात. पोर समोर खेळत असते, आणि ते तिचं खेळणं बघत नाहीत, ऐकत असतात. ती पळत येऊन थांबली की किती श्वासांनी तिची छाती शांत होते, ते मोजतात. गेल्या वेळी नऊ होते. काल ते पुन्हा गेले तेव्हा मोजून चौदा झाले. मक्यातून कुणी बाहेर आलं नाही. मास्तर उन्हं कलेपर्यंत बसले.